दुपारी येणारा अण्णा

काल कूलरचं गवत बदलायला माणूस आला होता. वर्षभराच्या धुळीनं काळं पडलेलं गवत त्यानं ओढून काढलं, नवं भरलं आणि पंप सुरू केला. पहिल्या पाण्याबरोबर ओल्या गवताचा वास घरभर पसरला. मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि टीव्हीसमोर पाहिलं. तिथे आता खाट नाही. फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे मात्र आहेत, आणि रोज पुसूनही ते जात नाहीत.

सोलापूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अकरा वाजले की रस्ता ओस पडतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेता येत नाही इतकं तापतं. आमच्या पूर्व भागात घराघरांतून यंत्रमागांची खटखट चालू असते. ती आम्हाला एरवी ऐकूच येत नाही, वीज गेली आणि माग थांबले की शांतता तेवढी ऐकू येते. मागच्या उन्हाळ्यात अशी शांतता झाली की नायना दचकून उठायचे आणि विचारायचे, "कोण गेलं?"

नायना म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी इथे आले. घरात आम्ही अजून तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. मी तर शाळेत मराठीच शिकवते. नायनांनी सगळं आयुष्य मागावर टॉवेल विणले. अम्मा कोरोनात गेली. धाकटा भाऊ वेणू खूप वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेत गेला तो तिथलाच झाला. घरात उरलो मी आणि नायना. अम्मा गेल्यानंतर नायनांची आठवण विरत गेली. आधी वार-तारखा विसरले, मग माणसं. मागच्या उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा ते मला आपली बहीण समजत होते. मीही ती झाले होते. हाक मारली की ओ द्यायची, एवढंच माझ्या हातात होतं.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ते जेवेनासे झाले. घास तोंडाजवळ नेला की ओठ घट्ट मिटायचे. त्यांना आंघोळ घालायला येणाऱ्या छबूताई गोड बोलून बघायच्या, दटावून बघायच्या. "आवं बाबा, दोन घास तर घ्या की. लेकीकडं बघा जरा," असं म्हणायच्या. नायना भिंतीकडे बघायचे. मी ताट घेऊन आत जायची आणि ओट्याशी उभ्या उभ्या रडायची, कारण बसून रडायला वेळ नव्हता.

अशाच एका दुपारी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका चालू राहिली होती. वेणूनंच कधीतरी सुचवलेली. तो राहतो तिथे, न्यू जर्सीत, इटलीहून आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे. मालिका त्यांच्यावर होती आणि त्यातले नटही बहुतेक त्याच लोकांपैकी. मी पाहत नव्हते, भाजी निवडत होते. एकाएकी नायना खाटेवर उठून बसले. पडद्यावर एक म्हातारा गंजीफ्रॉक घालून जेवणाच्या टेबलाशी बसला होता. जाड भुवया, मोठं नाक, खाली ओघळलेले डोळे, गळ्यात साखळी. तो हात हलवून कुणाला तरी रागावत होता.

"अण्णा," नायना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा आलाय. मला सांगितलं का नाहीस?"

आमच्यात थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. नायनांचा थोरला भाऊ माझ्या जन्माआधी घर सोडून गेला होता. गिरणीतलं काम सुटलं तेव्हा भिवंडीला मागावर जातो असं सांगून गेला, आणि परत आला नाही. माझी आजी वारली तेव्हा तार केली, तरीही आला नाही. त्याचा एकही फोटो घरात नाही. त्यामुळे तो खरंच त्या नटासारखा दिसायचा की नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्या दुपारी नायना पोटभर जेवले. पडद्यावरच्या माणसाकडे बघत त्यांनी ज्वारीची आंबील संपवली आणि आणखी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी विचारलं, "अण्णा कधी येतो?"

अशी ती मालिका आमच्या घरात शिरली. दुपारी जेवणाच्या वेळी लावायची. इंग्रजी नायनांना येत नाही, पण त्यांना त्याची गरज पडली नाही. त्या घरात सगळे एकदम बोलायचे, बोलताना हात थांबत नसत, भांडण कुठे संपलं आणि जेवण कुठे सुरू झालं ते कळत नसे. भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि तिच्यापाशी सदोदित पेटलेला लाल दिवा. सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण. छबूताई हातातला टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या राहायच्या. "ह्ये लोक तर आपल्यावानीच हायती की," त्या म्हणायच्या. "बघा, जेवताना पन भांडत्यात. आन् रोज त्या शेवयाच खात्यात व्हय?"

मला त्या नटाविषयी कुतूहल वाटायला लागलं. मी फोनवर शोधत बसायची. त्याचे आजोबा दक्षिण इटलीतून बोटीनं आले होते आणि दगडकाम करत होते. घरी त्यांची बोली चालायची, बाहेर इंग्रजी. सिनेमात शिरताना त्याचं आडनाव फार लांब वाटलं म्हणून अर्धं कापलं गेलं. हे वाचताना मी थांबले. नायनांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींना आमचं आडनाव उच्चारता येईना, त्यांनी मागची अक्षरं गाळून टाकली. आजही माझ्या पगाराच्या कागदावर ते तुटकं आडनावच आहे.

मग इतर नटांचंही वाचलं. नाक, रंग, हातवारे पाहिले की त्यांना ठरलेली कामं मिळत. गुंड, गुंडाचा मेहुणा, न्हावी, खाटीक, फार तर पाद्री. काही जण त्यातूनच मोठे झाले, जगभर गाजले. आमचा अण्णा मात्र त्यातला नव्हता. तो मोठ्या नटाच्या मागे उभा राहणारा माणूस. दार उघडणारा, पेला भरणारा, एखादं वाक्य बोलून मरणारा.

कारण तो मरायचाच. ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. मालिकेत पुढे त्याचा खून होतो, हे मी एका पहाटे, नायना झोपेत असताना पाहिलं आणि टीव्ही बंद केला. तिथून पुढे ती मालिका लावणं शक्य नव्हतं. मी त्याचे सिनेमे शोधायला लागले. जितका सिनेमा जुना तितका अण्णा तरुण. भुवया काळ्या झाल्या, टक्कल भरून आलं, पोट आत गेलं. नायनांना त्याचं आश्चर्य वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यातही तो बहुधा तसाच मागे मागे जात होता. पण प्रत्येक सिनेमात तो कुठे ना कुठे मरायचा. मोटारीत, जिन्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत. मी पहाटे उठून आधी सगळा सिनेमा बघायची आणि त्याचं मरण कुठे आहे ते लक्षात ठेवायची. दुपारी तो क्षण जवळ आला की रिमोट हातात घेऊन उभी राहायची आणि आधीच बंद करायची. "अण्णा कामावर गेला," असं सांगायचं. नायना मान डोलवायचे.

आता वाटतं, कसल्या आशेवर मी ते करत होते? माझा बाप दिवसेंदिवस माझ्या हातून निसटत होता, आणि मी परक्या देशातल्या कुणा नटाचं मरण चुकवत बसले होते. पण तेवढंच एक मरण मला चुकवता येत होतं.

तेही एक दिवस चुकलं नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की हातातलं सगळं टाकून भरून घ्यावं लागतं. त्या दिवशी भर दुपारी शेजारून आवाज आला, "पाणी आलंय." मी बादल्या घेऊन मोरीकडे धावले. पिंप भरलं, हंडे भरले. परत आले तेव्हा पडद्यावर दुसरंच काहीतरी चालू होतं, आणि खाट रिकामी होती. दार सताड उघडं होतं.

त्यांनी काय पाहिलं ते मला कळलं. तो सिनेमा मला पाठ होता. अण्णा एका खानावळीत गळ्याला रुमाल बांधून जेवत असतो आणि मागून कोणीतरी येतं.

नायना मला चौकाजवळ सापडले. एका रिक्षावाल्यानं त्यांना धरून सावलीत बसवलं होतं. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाचा हात पकडून ते सांगत होते, "माझ्या भावाला मारलं. जेवताना मारलं." लोक हात सोडवून घेत होते. मला पाहून, बहिणीच्या नात्यानं हाक मारत, रिक्षावाला त्याच्या दखनीत म्हणाला, "बाजी, पैले इनके पावां देखो. पूरे जल गए." नायना अनवाणी आले होते. डांबर वितळत होतं आणि त्यांच्या तळव्यांची कातडी ठिकठिकाणी फुगून वर आली होती. त्यांना त्याची जाणीवच नव्हती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "घरी कळवायला पाहिजे."

त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते उघडेना. आंबील नाही, ताक नाही, चमच्यानं पाणी घातलं तर ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. मी मालिकेचा जुना भाग लावला. अण्णा जिवंत, टेबलाशी बसलेला. नायना त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा माझ्याशी बोलत का नाही?" आणि भिंतीकडे वळले. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, जबरदस्तीनं भरवू नका, ठसका लागेल. आणखी असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांचे हात बांधून ठेवावे लागतील, कारण असे रुग्ण नळी उपसून काढतात.

मी वेणूला फोन केला.

"अक्का, तू त्यांना ते दाखवतेसच कशाला?" तो म्हणाला. "बंद कर तो टीव्ही."

"बंद केला तर जेवत नाहीत."

"लावला तरी जेवत नाहीत ना आता? मग एखादी चांगली जागा बघू आपण. पुण्यात असतात, नर्स वगैरे असलेल्या."

"आपण म्हणजे कोण, वेणू?"

अम्मा गेली तेव्हापासून आमचं बोलणं असंच एका ठिकाणी येऊन थांबायचं. विमानं बंद होती, तो येऊ शकला नाही, हे मला कळत होतं. अम्माचं तोंड मलाही पाहू दिलं नव्हतं. पण मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते आणि तो नव्हता, एवढा फरक आमच्यात उरला होता. त्याविषयी आम्ही दोघं एकदाही बोललो नव्हतो.

छबूताई नायनांच्या पायांना मलम लावत होत्या. त्या खाली बघतच म्हणाल्या, "ताई, वेणूदादास्नी बोलाय लावा की. अण्णा म्हनून. तुमचा आवाज बाईचा, तुमाला जमायचं न्हाय. तो टीव्हीवाला हात हलवंल, आन् दादा बोलतील."

"असं कसं चालेल, छबूताई?"

"मग नळी चालंल व्हय?"

मी वेणूला पुन्हा फोन केला आणि विचारलं. तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मी काय नट आहे का, अक्का? माझं तेलुगू आता मलाच ओळखू येत नाही." आणि त्यानं फोन ठेवला. मी तिथेच खाटेच्या कडेला बसून राहिले. समोर नायनांचे हात पडले होते. मागावर तुटलेला धागा न बघता जोडणारे हात. ते बांधलेले कसे दिसतील, हे मी मनात बघायला लागले आणि थांबवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वेणूकडे तेव्हा पहाट होती. "कुठे ठेवणार आहेस फोन?" त्यानं विचारलं.

मी मालिका लावली, आवाज पूर्ण बंद केला आणि फोन टीव्हीच्या मागे ठेवला. पडद्यावर अण्णा टेबलाशी येऊन बसला. फोनमधून नुसताच श्वास ऐकू येत होता. मग वेणू म्हणाला, "तम्मी."

तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. तो शब्द तो आपल्या बापाला म्हणत होता. नायनांनी मान वळवली.

"अण्णा?"

"हां, तम्मी. मी आलोय. जेव आता."

"तुला मारलं होतं ना?"

"नाही रे. ते नाटक होतं."

नायनांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं. छबूताई पदर तोंडावर धरून आत निघून गेल्या.

मग तो उन्हाळा तसा गेला. वेणू रोज पहाटे उठायचा. बायकामुलांची झोप मोडू नये म्हणून बाहेर गाडीत जाऊन बसायचा आणि बोलायचा. पडद्यावरचा अण्णा हात हलवायचा, वेणूचा आवाज त्याच्याशी कधी जुळायचा, बहुतेक वेळा जुळायचा नाही. "अण्णा, तुझी भाषा बिघडली रे," नायना एकदा म्हणाले. "बाहेर राहून बिघडते, तम्मी," वेणू म्हणाला. ते दोघं मागाविषयी बोलायचे, लहानपणच्या कुठल्याशा विहिरीविषयी बोलायचे. वेणूला त्यातलं काही माहीत नसायचं. तो हो म्हणायचा, हसायचा आणि म्हणायचा, "तू सांग, तुला जास्त आठवतं." माझ्या आयुष्यात नायना वेणूशी एवढे कधीच बोलले नव्हते. फोनवर त्यांचं बोलणं म्हणजे तब्येत आणि हवापाणी, मग फोन माझ्या हातात.

ते चांगले दिवस होते असं मात्र मी म्हणणार नाही. नायना खात होते तरी उतरत चालले होते. रोज उठवून बसवताना अंग हलकं लागायचं. आपण त्यांना जगवतोय की नुसतं लांबवतोय, हा प्रश्न दुपारच्या त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या शेजारी बसलेला असायचा. कूलर घरघरायचा, खिडकीला लावलेल्या ओल्या चादरीतून उन्हाचा लालसर उजेड आत यायचा.

आणि मग एक दिवस घास तोंडात असतानाच नायनांनी विचारलं, "अण्णा, अम्मा गेली तेव्हा तू का आला नाहीस?"

ते त्यांच्या अम्माविषयी विचारत होते, माझ्या आजीविषयी. जुन्या तारेविषयी. पण फोनच्या त्या टोकाला वेणू बसला होता, आणि त्यालाही अम्मा एकच होती.

पडद्यावर तो नट कुणाच्या तरी विनोदावर मान मागे टाकून हसत होता. मी उठून फोन काढून घ्यावा का, असा विचार करत होते.

"येता आलं नाही रे, तम्मी," वेणू म्हणाला. "सगळं बंद होतं. मी बॅग भरून दाराशी ठेवली होती. रोज चौकशी करत होतो. ती बॅग कितीतरी दिवस तशीच दाराशी होती. मला उघडवत नव्हती."

"ती तुझी वाट बघत होती."

"माहीत आहे."

"तुझं नाव घेत होती."

त्या शेवटच्या दिवसांत अम्मा दवाखान्यात एकटी होती. ती कुणाचं नाव घेत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. फोनमधून त्याच्या रडण्याचा आवाज यायला लागला. मोठा माणूस आवाज दाबून रडतो तसा. मीही तोंड फिरवून बसले. त्याच्या गाडीतलं आणि माझ्या खोलीतलं रडणं त्या दिवशी पहिल्यांदा एका वेळी झालं.

"रडू नको," नायना टीव्हीला म्हणाले. "तिन्नवा?"

जेवलास का, असा त्याचा अर्थ. आमच्या घरात प्रत्येक भांडणानंतर हेच विचारतात.

"नाही," वेणू म्हणाला.

"याला वाढ गं आधी," नायना मला म्हणाले. मी आत जाऊन दुसऱ्या ताटलीत भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि टीव्हीसमोर नेऊन ठेवली. ती तिथे ठेवल्यावरच नायनांनी स्वतःच्या हातानं घास घेतला.

वेणू माझी शाळा उघडायच्या आत आला. रजा नव्हती तरी आला. तोपर्यंत नायनांचं बसणंही थांबलं होतं. टीव्ही आठवडाभर लावला नव्हता, कारण ते बहुतेक वेळ डोळे मिटूनच असायचे. वेणू दुपारी पोहोचला तेव्हा वीज गेली होती, माग थांबले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तो बूट काढून सरळ खाटेपाशी गेला. पायांवरचे भाजल्याचे डाग पाहून त्यांना हात लावायला बिचकला, मग डोक्याशी जाऊन बसला. नायनांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. कुणी पाहुणा आल्यासारखी त्यांनी त्याला मान लववली. नजरेत ओळख नव्हती.

"नायना," वेणू म्हणाला. "मी आलो."

आवाज ऐकला तसे नायनांचे डोळे हलले. मान वळवायला त्यांना फार त्रास होत होता, तरी त्यांनी ती वळवली. वेणूकडून वळवून टीव्हीकडे केली. पडदा काळा होता. ते त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"अण्णा आला," त्यांनी शेजारी बसलेल्या वेणूला हळूच सांगितलं.

वेणूनं माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, खाटेला वळसा घालून गेला आणि टीव्हीला पाठ टेकून जमिनीवर मांडी घालून बसला, नायनांची नजर जिथे लागली होती बरोबर तिथे.

"हां, तम्मी," तो म्हणाला. "आलो."

नायनांनी त्याला डोळे भरून पाहिलं.

"वाळलास," ते म्हणाले.